निरंकसुद्धा लिही

पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. सोन्यासाठी मारलेल्या चार बोअरपैकी तीन निरंक, म्हणजे सोनं न लागलेले, चौथ्यात जेमतेम मीटरभर सोन्याचा दगड, आणि वरिष्ठ म्हणतात चौथाच ठळक दाखव. "काका, बाकीचे परिशिष्टात टाकू का?" टाकू नकोस. निरंक बोअरही त्याच तक्त्यात, त्याच अक्षरांत लिही.

कर्नाटकातल्या रायचूर जिल्ह्यातला हा हट्टी-मस्कीचा सोन्याचा पट्टा ही कोरी पाटी नाही. सुमारे 2,000 वर्षांपूर्वी तिथे माणसं खाली उतरली. हट्टीला जुनी कामं 600 फुटांपर्यंत गेलेली सापडली. सुरुंग नव्हते, दगड आगीने तापवून फोडायचे. त्यांनी कुठे खणलं ते खड्डे सांगतात. कुठे पाहून सोडून दिलं, ते सांगायला कोणी उरलं नाही. तेच आता आपण बोअरमागून बोअर मारून, पैसे मोजून विकत घेतोय.

मीही हे पाप केलंय. तरुणपणी दोन निरंक बोअर अहवालातून गाळले. कोणी सांगितलं नव्हतं, मीच शहाणपणा केला. अकरा वर्षांनी दुसऱ्या एका पथकाने जवळपास तिथेच मशीन लावलं. मला कळलं तेव्हा कोअर, म्हणजे बोअरमधून निघणारा दगडाचा दंड, निघालाही होता, कोरडाच. मी गप्प बसलो. नोकरी कंत्राटी होती, घरात दोन लहान पोरं होती... असो, हे तुला सांगून काय उपयोग? पण त्यानंतर एकही निरंक गाळला नाही. हट्टीला राहून हा हट्टी झाला, असं सहकारी म्हणायचे. बढती दोनदा हुकली. हुकू दे.

आणि निरंक म्हणजे काय, तेही नीट लिही! नुसतं शून्य लिहिणं म्हणजे आळस. गारगोटीची शीर होती का, किती जाडीची? सोन्याच्या सोबतीने येणारं आर्सेनोपायराइट हे खनिज दिसलं का? कोअर किती टक्के हाती आला? शिअर झोन, म्हणजे खडक सरकून चिरडलेला, सोनं बसतं तो पट्टा, गाठलाच नसेल, तर तो निरंक नव्हे, चुकलेला बोअर. ते वेगळं लिही. सोनं दाण्यादाण्याने बसतं. कोअरच्या एका अर्ध्यात कण येतो, दुसऱ्यात येत नाही. उरलेला अर्धा पेटीत आहे ना? त्यातला काही भाग पुन्हा तपासायला पाठव, आणि तोही निरंक आला तर तेही लिही.

1915 मध्ये बीडन नावाचा खाण-इंजिनिअर निजामाच्या मुलखात, मस्कीच्या डोंगरात सोनं शोधत होता. खडकावर अक्षरं दिसली. त्याच्या कामाची नव्हती, तरी त्याने कळवलं. 'देवानांप्रिय'सोबत 'अशोक' हे नाव कोरलेला तो पहिला सापडलेला लेख. त्याने "सोनं नाही" म्हणून पुढची वाट धरली असती तर?

वरिष्ठांशी भांडू नकोस, तक्ता पुढे ठेव. ते चिडतील. मीही त्या खुर्चीत असताना चिडायचो.

पेट्यांना अॅल्युमिनिअमच्या पट्ट्या ठोक, मार्करची शाई लिंगसुगूरच्या उन्हात टिकत नाही. तिन्ही निरंकांचे लॉग, म्हणजे खोलीवार नोंदी, रविवारपर्यंत मला पाठव. चौथ्याचा नंतर बघू.

— काका