तुमचे प्रश्न: सोलापुरात चेखव, आणि आमराईवर प्लॉटिंग

प्रश्न: आमचा सोलापुरात हौशी ग्रुप आहे, राज्य नाट्य स्पर्धेला चेखवचं 'द चेरी ऑर्चर्ड' करावं असं चाललंय. निम्मे म्हणतात रशियन नावं ठेवून सरळ अनुवाद करू, निम्मे म्हणतात सांगोल्याची डाळिंबाची बाग दाखवू. काय करावं? आणि परवानगी कुणाची लागते?
एक वाचक, सोलापूर

उत्तर: रूपांतरच करा की ओ. ल्युबोव्ह अँद्रेयेव्हना, येर्मोलाय अलेक्सेयेविच असली नावं पाठ करण्यातच नट दमतात, आणि हुतात्मा स्मृती मंदिरात मागच्या रांगेतल्याला दुसरा अंक आला तरी कोण कुणाचं कोण ते कळत नाही. पुलंनी गोगोलच्या 1836 च्या 'इन्स्पेक्टर जनरल'चं 'अंमलदार' केलं, ते बघताना कुणाला रशिया आठवतो? साहेब येणार म्हटल्यावर गावाची जी तंतरते ती इथलीच वाटते.

पण डाळिंब नको. डाळिंब म्हणजे रोख पैसा, त्याच्यावर तेल्या पडला तर माणूस कर्जाच्या काळजीनं रडतो. चेखवची बाग बिनकामाची आहे, एक वर्षाआड फळ धरते, ते पण कुणी घेत नाही, चेरी वाळवायची जुनी रीत होती ती आता कुणाला आठवत नाही, आणि तरी मालकीणबाईंचा जीव तिच्यातच. म्हणून वाड्यामागची जुनी आमराई घ्या, आंबा पण बऱ्याचदा एक वर्षाआडच धरतो, फिट्ट बसतंय.

आणि झाडाचं काय एवढं नाही हो, खरं नाटक लोपाखिन या व्यापाऱ्याचं आहे. त्याचा बाप, आजा याच इस्टेटीवर भूदास, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेले गुलामासारखे शेतकरी, मालकाच्या स्वयंपाकघरात पण शिरायची सोय नव्हती, आणि शेवटी लिलावात इस्टेट घेतो तो हाच. त्याआधी बिचारा बाईंना कळकळून सांगतो की बाग तोडा, तुकडे पाडा, शहरातल्या लोकांना बंगल्यांसाठी भाड्यानं द्या, कर्ज फिटेल. म्हणजे 1904 सालच्या नाटकात प्लॉटिंग आलंय बघा! जुळे सोलापूर बघितलेल्याला यात काय समजावून सांगायचंय. फक्त त्याला गॉगलवाला व्हिलन बिल्डर करू नका, मग सगळंच गेलं. त्याला कुळाचा नातू करा. रशियात भूदासपद्धत 1861 ला गेली, नाटक 43 वर्षांनी आलं. आपल्याकडे कूळ कायद्याचा कृषक दिन, म्हणजे कसणारी कुळं जमिनीची मालक झाली तो दिवस, 1 एप्रिल 1957, त्यात 43 मिळवले की 2000 साल. नाटक तिथंच ठेवा, एसटीडी बूथ पण आहेत आणि एखाद्याच्या खिशात मोबाईल पण. म्हातारा नोकर फिर्स भूदासांच्या त्या सुटकेलाच 'संकट' म्हणतो, तो तर आयता मिळाला तुम्हाला, "कायदा आला आन् वाड्याचं वाटोळं झालं" म्हणणारा गडी, आणि तो स्वतः कुळाच्याच घरातला पाहिजे, नाहीतर वाक्यातली गंमत जाते.

रडकं करू नका, प्लीज. चेखवनं त्याला कॉमेडी म्हटलंय, दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीनं मॉस्को आर्ट थिएटरला ते गंभीर करून टाकलं, तर पोस्टरवर, जाहिरातीत माझ्या नाटकाला ड्रामा का म्हणतात म्हणून चेखवनं बायकोकडं पत्रात तक्रार केली होती, आणि बायको ऑल्गा क्निपर त्याच नाटकात मालकीण! स्पर्धेत परीक्षकांना रडवायचा मोह होतो, माहितीये, पण इस्टेटीवरचा कारकून एपिखोदोव, त्याच्या करकरणाऱ्या बुटांवर हशा आला नाही तर नाटक बसलंच नाही असं मी तरी म्हणेन.

परवानगीचं सोपं आहे. चेखव वारला 1904 ला, त्याचे हक्क कधीच संपले. भानगड अनुवादाची असते, अनुवादकाचा हक्क वेगळा, आणि आपल्याकडे तो मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. कॉन्स्टन्स गार्नेट यांचा इंग्रजी अनुवाद धरून लिहिलंत तर प्रश्न नाही, त्या 1946 ला गेल्या. मायकेल फ्रेन किंवा टॉम स्टॉपर्ड यांच्या आवृत्तीवरून करणार असाल तर रीतसर विचारावं लागेल, नुसती पीडीएफ मिळाली म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं. मराठी अनुवाद वापरला तरी तोच नियम. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासून मंजुरी देणाऱ्या सरकारी मंडळाकडं, मात्र लवकर पाठवा, तालमी रंगात आल्यावर तिथं कागद अडला की सगळा ग्रुप एकमेकांवर ओरडत बसतो.