आईला डाएट सोडा द्यावा का?

प्रश्न: आईला शुगर आहे म्हणून आम्ही डाएट सोडा आणतो, पण त्यात साखरेऐवजी घालतात त्या अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोड पदार्थाने कॅन्सर होतो असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय, बंद करू का?

उत्तर: कॅन्सरचं एवढं टेन्शन घेऊ नका. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने त्याला 'शक्यता आहे' या गटात टाकलं हे खरंय, पण पुरावा तोकडा आहे आणि संघटनेच्या संयुक्त अन्न-तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम तशीच ठेवलीय, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅनच्या वर प्यावे लागतील. मला खरी काळजी दातांची वाटते, साखर नसली तरी अ‍ॅसिड असतंच आणि घोट घोट करत तासभर पीत बसलं की दातांवरचं इनॅमल झिजतं. कधीतरी एखादा ग्लास चालेल, रोज मात्र पातळ ताकच द्या हो. आणि फेनिलकीटोन्युरिया (अ‍ॅस्पार्टेममधला फेनिलॲलनीन हा घटक शरीराला नीट पचवता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्यांनी अ‍ॅस्पार्टेम अजिबात घ्यायचं नाही, तशी सूचना कॅनवर छापलेली असते.