कार्ड त्याच्या हातात दे

प्रिय बेटा,

काल फोनवर तू रडवेली झालीस. "काकू, एवढी महागाची चित्रांची कार्डं मागवली, रोज भावाला समोर बसवते, पण तो पाहतच नाही." तू पाठवलेले फोटो मी पाहिले. स्ट्रॉबेरी, इग्लू, बर्फाचा माणूस, शिडाचं जहाज. एकेक कार्ड समोर धरून तू विचारतेस, "हे काय आहे? सांग." आणि तो उठून कोठ्यात गायीजवळ जातो. जाणारच.

तुझ्या भावाला ऑटिझम आहे, त्याला बोलून सांगता येत नाही. तहान लागली तरी तो रडतो, पंखा बंद पडला तरी रडतो. त्याला सांगायचं आहे, आणि आपण त्यालाच प्रश्न विचारत बसतो. कार्ड आपण विचारायला नसतं, त्यानं मागायला असतं. म्हणून ते त्याच्या हातात पाहिजे, तुझ्या नाही.

हे पटलं की इग्लू आपोआप गळून पडतो. ज्यानं तो पाणी पितो, त्या पोचा आलेल्या गडव्याचा फोटो काढ. विकतच्या कार्डावरचा काचेचा ग्लास त्याच्या लेखी वेगळीच वस्तू आहे. ऑटिझम असलेली बरीच मुलं वस्तू बारकाव्यांवरून ओळखतात. तुला दोन्ही 'पाणी' वाटतं, त्याला वाटेलच असं नाही. ओसरीत सकाळच्या उजेडात पांढरी ओढणी अंथर, वर एकच वस्तू ठेव, फ्लॅश लावू नको. मागे कॅलेंडर आलं तर तो कॅलेंडरच पाहत बसेल. फोटो तळहातात मावेल एवढाच ठेव. दारव्ह्याला जाशील तेव्हा रंगीत प्रिंट काढ, जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चिकटवून लॅमिनेशन करून घे, कोपरे गोल काप. वेलक्रो शिवणाच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळतो. खाली घरात बोलता तोच शब्द लिही.

पण आधी एकच कार्ड कर. पन्नास नाही, एक! त्याला फल्लीची चिक्की आवडते ना? तिचे बारीक तुकडे कर, म्हणजे पुन्हा पुन्हा मागायला मिळेल. तू तुकडा घेऊन समोर बस, आजीला त्याच्या मागे बसव, कार्ड मधे ठेव. तो तुकड्याकडे हात नेईल, तेव्हा आजीनं न बोलता तोच हात धरून कार्ड उचलायला लावायचं आणि तुझ्या तळहातावर ठेवायला लावायचं. कार्ड हातात पडताच "चिक्की!" म्हण आणि लगेच दे. "काय पाहिजे?" नाही, "आधी बोल" नाही. आजीचा हात पुढे हळूहळू सुटत जातो. ही रीत 1985 साली अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी बसवली. तिला चुलीजवळची जागा आणि दोन माणसं पुरतात.

चित्रं दिली की मूल बोलायचं राहतं, असं तुलाही कुणीतरी सांगेलच. शहरातल्या एका तज्ज्ञांनी मला हेच ठासून सांगितलं होतं. त्या धाकात माझ्या मुलाची वर्षं गेली आणि त्याचं दुःख आजही जात नाही. 2006 साली मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी चित्रं, खुणा अशी साधनं दिलेल्या लोकांवरचे आधीचे अभ्यास एकत्र तपासले. ज्यांच्या नोंदी भरवशाच्या होत्या, त्यांतल्या एकाचंही बोलणं अशा साधनांमुळे कमी झालेलं नव्हतं. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. गावात लोक अजून म्हणतात, हिनं पोट्ट्याला चित्रं दिली, बोलायला शिकवलंच नाही. म्हणू दे. माझा मुलगा आजही बोलत नाही. पण एका रात्री त्यानं दाताचं कार्ड आणून माझ्या हातावर ठेवलं. पूर्वी असं दुखलं की तो भिंतीवर डोकं आपटायचा आणि आम्ही देव-देवऋषी करायचो. मी हट्टी आहे, आणि त्या कार्डापायी हट्टीच राहणार.

कार्डं कपाटात ठेवू नको. हरवतील, फाटतील, म्हणून तुझी आई ठेवायला सांगेल. एका शाळेत माझ्या मुलाची कार्डं कुलपात असायची, ठरलेल्या तासालाच बाहेर निघायची. उरलेला दिवस लेकरानं काय करायचं? त्याच्या उंचीवर, भिंतीला लाव. हरवलं तर दुसरं काढ. कपाटातलं कार्ड त्याच्या हातात नसतं, बेटा, किती वेळा सांगू?

पुढे 'नको'चं कार्ड कर, त्याचाच उगारलेला पंजा. त्यानं ते दिलं की जमेल तिथं थांबायचं, मग पाहुणे बसलेले असोत की पोळ्याचा डीजे वाजत असो. औषधासारखं टाळता येत नसेल, तरी "तुला नको आहे, कळलं मला" एवढं म्हणायचं. 'हो' ऐकायचं आणि 'नको' झिडकारायचं, असं केलंस तर तो कार्ड आणणं सोडून देईल.

कापूस वेचणी सुरू झाली की आई दिवसभर वावरात असते आणि तो दाराशी बसतो. त्या वेळी आईचा, वावराचा आणि दारात परत आलेल्या आईचा असे तीन फोटो एका पट्टीवर लाव. आई आली की शेवटचा फोटो पट्टीवरून त्यालाच उपटू दे.

आजी मागे बसल्याबसल्या "बोल रे बाबू, चिक्की म्हण" असं करेल. तिला माझ्याशी फोनवर बोलू दे, मी समजावते. आणि उद्या सकाळी चिक्कीचा फोटो काढून पाठव. प्रिंट काढण्याआधी मला पाहू दे.

तुझी,
काकू