घड्याळ कोणाच्या हातात?

प्रश्न : माझा मुलगा सोमवारी पहाटे पाच वाजता उठून सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, पाहतो. खेळ म्हणे ६० मिनिटांचा, पण माझी साडेआठची लोकल गाठायची वेळ झाली तरी तो संपत नाही. उलट आपल्या फुटबॉलमध्ये ९० मिनिटे उलटली तरी पंच शिट्टी वाजवत नाहीत. या दोन खेळांत वेळ मोजतात तरी कशी?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : फुटबॉलमध्ये ४५ मिनिटांच्या सत्राचे घड्याळ एकदा सुरू झाले की थांबत नाही. दुखापत, बदली खेळाडू, गोलनंतरचा जल्लोष, व्हिडिओ तपासणी यांत गेलेल्या वेळेचा हिशेब मुख्य पंच ठेवतात आणि सत्राच्या अखेरीस चौथे पंच फलकावर तो आकडा दाखवतात. हा आकडा किमान वेळेचा असतो; मुख्य पंच तो वाढवू शकतात, कमी करू शकत नाहीत. २०२२च्या कतार विश्वचषकात इराणच्या गोलरक्षकाच्या डोक्याला मार लागल्यामुळे इंग्लंडविरुद्धच्या पहिल्याच सत्रात तब्बल १४ मिनिटे वाढवून देण्यात आली होती.

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येकी १५ मिनिटांची चार सत्रे असतात आणि घड्याळ कधी थांबेल हे पुष्कळदा संघच ठरवतात. फेकलेला चेंडू कोणी झेलला नाही तर घड्याळ थांबते. चेंडू घेऊन धावणारा मैदानातच पाडला गेला तर ते चालू राहते आणि पुढची चाल सुरू करण्यासाठी ४० सेकंद मिळतात. त्यामुळे पिछाडीवरचा संघ मुद्दाम चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवतो, तर आघाडीवरच्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, चेंडू हातात येताच गुडघा टेकतो आणि सेकंद वाहू देतो. परळ-लालबागच्या कबड्डीत आघाडीवरचा चढाईपटू निदान रेषा ओलांडून ३० सेकंद काढून परततो, तसाच हा प्रकार. प्रतिस्पर्ध्याकडे मात्र प्रत्येक अर्ध्यात घड्याळ थांबवणारे तीन टाइमआउट असतात. ते आधीच उधळले असतील, तर शेवटची दोन मिनिटे हताशपणे पाहत राहण्याखेरीज त्याच्या हाती काही उरत नाही. माझ्या मते या खेळातली खरी बुद्धिबळे याच दोन मिनिटांत खेळली जातात.

घड्याळात शून्य आले तरी सुरू असलेली चाल पूर्ण होऊ दिली जाते. आपल्या फुटबॉलमध्ये अशी सवलत फक्त पेनल्टीला आहे.

प्रश्न : बरोबरी झाल्यास नाणेफेक जिंकणारा संघच अमेरिकन फुटबॉलचा सामना जिंकतो, हे खरे आहे का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : पूर्वी या तक्रारीत बरेच तथ्य होते. जादा वेळेत आधी चेंडू मिळालेल्या संघाने टचडाउन केला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन सहा गुण मिळवले), की सामना तिथेच संपत असे. जानेवारी २०२२ मध्ये कॅन्सस सिटीने बफेलोला असेच ४२-३६ हरवले. जादा वेळेत बफेलोच्या आक्रमक फळीला चेंडूचा स्पर्शही झाला नाही. त्याच वर्षी बाद फेरीसाठी आणि २०२५ पासून साखळी सामन्यांसाठीही दोन्ही संघांना एकेक संधी देण्याचा नियम आला. साखळीत १० मिनिटांच्या जादा वेळेनंतरही बरोबरी राहिली तर सामना अनिर्णित सुटतो. बाद फेरीत निकाल लागेपर्यंत खेळ चालतो.

फुटबॉलने ही वाट उलट्या दिशेने चालून पाहिली. १९९८च्या विश्वचषकात फ्रान्सच्या लोरां ब्लांने पॅराग्वेविरुद्ध ‘गोल्डन गोल’ मारताच सामना संपला होता, परंतु पुढे तो नियम रद्द झाला आणि आता १५-१५ मिनिटांची दोन्ही सत्रे पूर्ण खेळून मगच पेनल्टी शूटआउटकडे वळतात.

नव्या नियमातही नाणेफेक निरर्थक ठरलेली नाही. फेब्रुवारी २०२४च्या सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोने नाणेफेक जिंकून आधी चेंडू घेतला आणि फील्ड गोलचे, म्हणजे चेंडू लाथाडून खांबांमधून पार केल्याचे, तीन गुण मिळवले. कॅन्सस सिटीला नेमके किती गुण हवेत हे ठाऊक झाले आणि तिने टचडाउन करून सामना २५-२२ असा जिंकला. दोन्ही संघ बरोबरीत राहिले असते, तर तिसरी संधी सॅन फ्रान्सिस्कोची होती आणि तेव्हा एकच फील्ड गोल पुरला असता, एवढे मात्र त्यांच्या निर्णयाच्या बाजूने म्हणता येईल.