बंगालचा पैसा आणि बर्कशायरचा बंगला

प्रश्न: मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा रेडिंगजवळचं बॅसिल्डन पार्क बघितलं. एवढं अवाढव्य घर, भोवती पार्क, आणि हे म्हणे हिंदुस्थानातल्या पैशावर उभं राहिलं. खरंय का? आणि पुण्याहून कमवून गेलेला असा कोणी साहेब आहे का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: खरंय. फ्रान्सिस साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, क्लाइव्हच्या गोटातला. मुर्शिदाबादला नवाबाच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी होता. कंपनीची नोकरी एकीकडे आणि स्वतःचा धंदा दुसरीकडे, त्यातून गब्बर होऊन घरी गेला. 1771 मध्ये ही इस्टेट घेतली आणि 1776 ला जॉन कार या यॉर्कशायरच्या आर्किटेक्टला हाताशी धरून बाथ शहराकडच्या दगडात बांधकाम काढलं. पण आतलं काम त्याच्या हयातीत पुरं झालंच नाही! मधली अष्टकोनी खोली तशीच पडून होती, ती 1838 मध्ये घर घेणाऱ्या मॉरिसन नावाच्या कापडवाल्याने सजवली.

खरी गंमत पुढे आहे. 1929 च्या सुमारास तेव्हाच्या मालकाने जाहीर केलं की दहा लाख डॉलर द्या, अख्खं घर सुटं करून अमेरिकेत उभारून देतो. गिऱ्हाईक कुठलं मिळायला, मग आतलं नक्षीकाम काढून विकलं, डायनिंग रूमचं बरंचसं थेट न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात गेलं. नंतर युद्धात सैनिक राहून गेले, घराची पार रया गेली. 1950 च्या दशकात इलिफ नवरा-बायकोने ते घेतलं आणि लिंकनशायरच्या पँटन हॉलमधून, तिथेही जॉन कारनेच काम केलेलं, दारं आणि फायरप्लेस उचलून आणल्या, तर दारं जवळजवळ फिट्ट बसली. 1978 मध्ये त्यांनी घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. थोडक्यात, आत तुम्ही जे बघितलं त्यातलं बरंच साइक्सच्या पैशाचं नाहीच.

आता पुणं. पेशव्यांकडचा इंग्रज वकील, म्हणजे कंपनीचा रेसिडेंट, चार्ल्स मॅलेट, आपल्या मुळा-मुठा संगमावर राहायचा तो. परत गेल्यावर त्याने विल्टशायरमधलं विल्बरी हाउस घेतलं, पण ते 1710 च्या आसपासचं, आयतं मिळालेलं. त्या घरापेक्षा एक चित्र जास्त मोलाचं, सवाई माधवरावांच्या दरबारात मॅलेट 1790 चा तह करतानाचं, टॉमस डॅनियलने 1805 मध्ये पुरं केलेलं. शनिवारवाड्यातले महाल 1828 च्या आगीत गेले, चित्र मात्र लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाकडे आहे. पुढच्या खेपेला मांडलेलं आहे का ते आधी वेबसाइटवर बघून मगच तिकीट काढा.