जुलैमध्ये कसारा-खोडाळा भागातील कच्च्या वाटांवर रोज 80 किलोमीटर सायकल चालवता येईल का?

आपण विचारले आहे की, भर जुलैमध्ये कसाऱ्याहून खोडाळा-मोखाड्याकडे डांबरी रस्ता टाळून, पाड्यापाड्यांतून जाणाऱ्या कच्च्या वाटांनी रोज 80 किलोमीटर अंतर कापता येईल का. माझ्या मते येणार नाही. मी मुंबईत राहतो आणि गेली काही वर्षे दर पावसाळ्यात त्या भागात सायकल घेऊन जातो. संततधार असताना दिवसभरात 35 किलोमीटर झाले, तरी मी समाधानी असतो.

अडचण पावसाची नाही, चिखलाची आहे. मुरमाच्या वाटेवर पाण्याचा निचरा होतो आणि सायकल बरी चालते. परंतु वाट भातखाचरांच्या कडेला उतरली, की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत साचलेला गारा गवताच्या काड्यांसकट टायरला चिकटतो आणि मडगार्डखाली इतका घट्ट बसतो की चाक फिरेनासे होते. विहीगावच्या पुढे एकदा असेच झाले असता मी खाली उतरून पाहण्याऐवजी पेडलवर जोर दिला, त्यासरशी चेनमध्ये अडकलेल्या काड्यांनी मागचा डिरेलिअर, म्हणजे गिअर बदलणारी यंत्रणा, ओढला गेला आणि त्याचा हँगर, म्हणजे तो सायकलच्या सांगाड्याला जोडणारा धातूचा तुकडा, वाकला. उरलेली वाट सायकल ढकलत काढावी लागली. तेव्हापासून मी मडगार्ड घरीच ठेवतो, एक जादा हँगर आणि चिखल खरवडायला बांबूची चपटी काडी जवळ बाळगतो, आणि चेनची करकर सुरू होताच थांबून ती धुतो.

दुसरा वेळ जातो ओहळांपाशी, आणि तो जाऊ द्यावाच. तानसा, वैतरणा, भातसा या मुंबईला पाणी पुरवणाऱ्या धरणांचे पाणलोट याच डोंगरांत आहेत, त्यावरून तेथील पावसाची कल्पना यावी. सकाळी घोट्याइतके असलेले पाणी एका सरीनंतर मांडीपर्यंत येते. एकदा ओहळावरच्या ठेंगण्या फरशी-पुलावरून गढूळ पाणी वाहत असताना मी सायकल उचलून पलीकडे जाण्याच्या बेतात होतो, तेव्हा शेजारच्या खाचरात इरले पांघरून लावणी करणाऱ्या एका मावशींनी हाक मारली, “दादा, थांबा घटकाभर, उतरंल पानी.” बांधावर बसून राहिलो आणि तासाभरात फरशी उघडी पडली. लहान ओहळ जितक्या लवकर चढतो, तितक्याच लवकर बहुधा उतरतोही, हे मला त्या दिवशी उमगले. तळ दिसत नसेल किंवा पाणी गुडघ्याला लागत असेल, तर मी पाऊल टाकत नाही. उथळ पाण्यातून जाताना सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरावी, म्हणजे ती अंगावर लोटली जात नाही.

टायरमधील हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी. आपल्या सायकलला रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेवर (रिमवर) दाबले जाणारे ब्रेक असतील, तर ओल्या रिमवर ते उशिरा लागतात, म्हणून उताराच्या आधीपासूनच हलके दाबत राहावे. चिखलातील बारीक रेती ब्रेकचे रबरी पॅड फार लवकर झिजवते. मी नवे बसवलेले पॅड दोन दिवसांत धातूपर्यंत गेलेले पाहिले आहेत, तेव्हा जादा जोडी पिशवीत असू द्यावी.