सुई टोचली, पण रजिस्टरात लिहायचं नाही म्हणे!

प्रश्न : ताई, मी जीएनएम आहे, दोन वर्षं झाली सांगलीत एका खासगी हॉस्पिटलला स्टाफ नर्स म्हणून. बारा दिवसांपूर्वी नाइटला पहाटे तीनच्या सुमारास एका आजोबांचं रक्त काढलं आणि सुईला परत टोपण लावताना ती डाव्या अंगठ्यात घुसली, ग्लोव्ह आतून लाल झाला. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या स्पिरिट लाव, चूक तुझीच आहे, रजिस्टरात लिहू नको. आजोबा अजून ॲडमिट आहेत. लॅबमधला ओळखीचा दादा म्हणतो उद्याच्या सॅम्पलमध्ये गुपचूप एचआयव्हीची टेस्ट लावतो. लावू दे का? झोप उडालीय. (एक सिस्टर, सांगली)

उत्तर : अगं, बारा दिवस गप्प बसलीस? टोचली की साबण आणि वाहतं पाणी, बस्स, पिळायचं नाही आणि स्पिरिट तर नाहीच. पीईपीच्या, म्हणजे टोचल्यावर एचआयव्ही लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या दोन तासांत सुरू झालेल्या बऱ्या, फार तर ७२ तासांत, मग २८ दिवस घ्यायच्या. ती वेळ गेली. पण पेशंट पॉझिटिव्ह असला तरी सुईतून एचआयव्ही लागतो तो हजारात साधारण ३ वेळा, त्यामुळे झोप घालवू नको. मला जास्त काळजी बी काविळीची, लस नसेल तर ती याच्या कितीतरी पट लागते आणि तुझे तीन डोस झालेत की नाही ते तू लिहिलंच नाहीस! २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांत ही लस देणं हॉस्पिटलचंच काम आहे. उद्या ड्युटी सुटली की सिव्हिलच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्रात जा, एचआयव्ही टेस्ट फुकट होते आणि रिपोर्ट गुप्त राहतो. मग सहा आठवडे, तीन महिने, सहा महिन्यांनी परत. बी, सी कावीळ पण तपासून घे.

लॅबवाल्या दादाला नाही म्हण. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात संमतीशिवाय टेस्ट चालत नाही, आणि चोरून काढलेला रिपोर्ट घेऊन तू करणार काय, आजोबांना सांगणार कुठल्या तोंडानं? डॉक्टरांना सांगून सरळ विचारा की. मला एकदा टोचली तेव्हा तासगावकडचे एक म्हातारे म्हणाले, "घे की पोरी, रक्तच हाय, इस्टेट न्हाई." सगळेच असं म्हणतील असं नाही, एखादा नाही म्हणाला तर तेही ऐकायचं.

आता इनचार्जबाई. टोपण परत लावायचं नसतं हे तुलाही माहीत होतं, ती चूक तुझीच. पण सुया टाकायचा पांढरा डबा बेडपासून किती लांब होता? माझ्या वेळी वॉर्डच्या पार टोकाला, ड्रेसिंग ट्रॉलीच्या मागं असायचा, मग रात्री एकटीवर वीस पेशंट असताना कोण उघडी सुई घेऊन चालत जाणार? सुरक्षेचं साहित्य, ट्रेनिंग आणि पीईपी हॉस्पिटलनं द्यायचं असंही त्याच एचआयव्ही कायद्यात आहे, तेव्हा ही काय त्यांची मेहेरबानी नाही.

रजिस्टरात लिही, नाही दिलं तर अर्ज करून त्याची पोच घे. टोपण लावत होते हे लिही, डबा कुठं होता तेही लिही, आणि नोंदीची तारीख मात्र आजचीच टाक, कुणी मागची टाक म्हटलं तरी टाकू नको.